रोझच्या मरणाची नोंद

दुसऱ्यांचे मेलेले पूर्वज हुडकून देण्यात अट्रॅक्टा गॅफनीचा हात धरेल असं आमच्या ड्रमकीलमध्ये कुणी नव्हतं. धंदा तिचा केसांचा. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, गरम हवेनं केस वाळवायचं यंत्र, आणि शनिवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेआधी केस बसवून घ्यायला आलेल्या बायका. केस ओले असले की बाई खोटं बोलत नाही, असं अट्रॅक्टाचं मत होतं. कुणाची आत्या कुठं दिली, कुणाचा काका बॉस्टनला जाऊन दारूत बुडाला, कुणाचं थोरलं पोर लग्नाआधीचं, सगळं त्या खोलीत बोललं जायचं आणि तिच्या डोक्यात जाऊन बसायचं. उन्हाळ्यात अमेरिकेहून पाहुणे यायचे, डोळ्यांत पाणी आणून "आमचे खापरपणजोबा इथलेच बरं का" म्हणायचे, तेव्हा पबवाला त्यांना थेट तिच्याकडे धाडायचा. ती त्यांना खापरपणजोबांचं घर दाखवायची, म्हणजे पडक्या भिंती आणि आत चरणारी मेंढरं. मग कबर दाखवायची, आणि वर मृत्यूचा सरकारी दाखलाही हातात ठेवायची. पाहुणे तिला मिठ्या मारून जायचे.

स्वतःच्या आजीचं मरण मात्र तिला सापडत नव्हतं. आठ वर्षं झाली होती. गावात लोक हसायचे, पण तिच्यामागे. समोर हसलं तर केस कोण कापणार?

आजीचं नाव रोझ मल्व्ही. अट्रॅक्टाची आई कॅसी ही तिची एकुलती एक. कॅसी तीन वर्षांची असताना, म्हणजे बत्तीस सालच्या थंडीत, रोझ गेली. गेली म्हणजे नेमकं काय झालं, तिथंच सगळं अडलं होतं. कॅसीचा बाप पीटर त्याच वर्षी स्कॉटलंडला बोगदे खणायला गेला आणि तिकडेच वारला. त्याच्या मरणाची नोंद कशी लख्ख, तारीखवार आहे. कॅसीला लाँगफर्डच्या आत्यानं वाढवलं. आईचं विचारलं की आत्या म्हणायची, "देवाघरी गेली ती. जपमाळ म्हण आणि झोप." पोर जपमाळ म्हणून झोपायची.

अठराव्या वर्षी कॅसी नर्सिंग शिकायला इंग्लंडला निघाली तेव्हा तिकडून आईबापांचे कागद मागितले. तिनं आईचा मृत्यूचा दाखला मागवला. उत्तर आलं, अशी कुठलीही नोंद नाही. तिनं आत्यासमोर ते उत्तर धरलं. आत्या कानापर्यंत लाल झाली, चुलीवरचा पाव करपू दिला, आणि "जुनं उकरू नकोस" म्हणून गोठ्यात निघून गेली. आमच्याकडे माणूस कबुली देतो ती अशीच. कॅसीनं समजायचं ते समजून घेतलं. आई मेली नव्हती, सोडून गेली होती.

त्या दिवसापासून तिनं आईचं नाव टाकलं. जपमाळेच्या शेवटी घरातल्या मेलेल्यांची नावं घेतात, त्यांत रोझ नसायची. अट्रॅक्टा लहान असताना एकदाच आई बोलली होती. "मला तिची पाठ तेवढी आठवते. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी हाक मारली तरी वळली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला." एवढं बोलून तिनं बटाटे सोलायला घेतले होते, आणि सालं नेहमीपेक्षा जाड निघाली होती.

ड्रमकीलचं घर कॅसीकडे आलं ते पीटरच्या थोरल्या भावाकडून, जिमीकाकाकडून. जिमी बिनलग्नाचा मेला आणि घर पुतणीच्या नावे करून गेला. बावन्न साली कॅसी नवऱ्याला घेऊन इथं आली. जमिनीबरोबर बांध येतो, तसा घराबरोबर एक अबोलाही आला. रस्त्यापलीकडे समोरच बोहनांचं घर. मल्व्ही आणि बोहन बोलत नाहीत, एवढंच तिला पहिल्याच आठवड्यात पोस्टमननं सांगितलं. का बोलत नाहीत, ते त्याला माहीत नव्हतं. कॅसीनं कारण विचारलंच नाही. नव्या गावात आल्यावर विहीर कुठली आणि वैरी कोण, एवढं कळलं की आमच्याकडे माणूस मुक्कामाला आला असं समजतात.

आणि मिळालेला अबोला तिनं निगुतीनं सांभाळला. बोहनांची गाय आपल्या शेतात शिरली तर निरोप पोस्टमनकडून. मधलं कुंपण छाटायचं तर आपली बाजू छाटायची, पलीकडच्या फांदीला कात्री लावायची नाही. मिस्सेत फादर म्हणायचे, एकमेकांना शांतीचा हात द्या. मल्व्हींच्या बाकावरचे हात पुढे जायचे, बाजूला जायचे, मागे बोहन असले तर मागे मात्र कधी नाही. पुढे बोहन बसले तर त्यांचेही हात मागे यायचे नाहीत. येशूनं शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय हे दोन्ही घरांना पाठ होतं, पण त्यानं काही बोहनांचं नाव घेतलं नव्हतं.

हा अबोला सगळ्यांत कडक पाळला जायचा तो जुलैमधल्या कबरींच्या रविवारी. त्या दिवशी सगळा परगणा कबरस्तानात जमतो, जो तो आपापल्या माणसांच्या कबरीपाशी उभा राहतो, फादर जपमाळ सांगतात आणि पवित्र पाणी शिंपडत फिरतात. मल्व्हींची कबर मधल्या वाटेलगत, बोहनांची भिंतीकडच्या कोपऱ्यात, ॲशच्या झाडाखाली. कॅसी दरवर्षी त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. शेजारी अट्रॅक्टाही तशीच. एकदा वळणावर नजर गेली म्हणून कॅसी म्हणाली होती, "एका कबरीला फुलांच्या दोन बरण्या. बोहनांचा थाट बघ. मेल्यावरसुद्धा मिरवतात." अट्रॅक्टा खुदकन हसली होती.

तर ही अट्रॅक्टा. लग्न केलं नाही, आईपाशीच राहिली, बाप गेल्यावर आईला सांभाळलं. पन्नाशी सरल्यावर तिला हा शोधाचा नाद लागला, आणि तो नाद कशासाठी होता ते तिनं बाहेर कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, हौस. तिला आईला एकदा सांगायचं होतं, की तुझी आई तुला टाकून गेली नव्हती गं. तेवढंच. त्यासाठी एक कागद हवा होता, कारण ज्या कागदाच्या नसण्यानं आईचं मन मोडलं होतं ते तोंडी समजुतीनं जुळणारं नव्हतं.

सरकारनं जुन्या नोंदी संगणकावर खुल्या केल्या तेव्हा तिनं जिल्ह्यातले त्या सालचे सगळे मृत्यू वाचून काढले. मग शेजारचे जिल्हे, मग अनाथालयं, वेड्यांची इस्पितळं. चर्चमध्ये विचारलं तर आमच्या चर्चनं पुरलेल्यांची वही कधी ठेवलीच नव्हती. पुरणारे गावचेच, कोण कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक, मग लिहायचं कशाला? रक्ताचं नातं तपासतात म्हणून तिनं थुंकी नळीत भरून अमेरिकेला पाठवली. फिलाडेल्फियाचे चार लांबचे भाऊबंद सापडले, त्यांतला एक तर भेटायलाही येऊन गेला आणि दोन किलो बेकन संपवून गेला. आजी काही सापडली नाही.

एकदा म्हातारी मेमी फ्लिन केस वाळवायला बसली असताना म्हणाली होती, "अगं, सगळं जग कशाला फिरतेस? समोरच्या बोहनांना विचार की. त्यांच्या घरात जुनी माणसं होती."

"बोहनांना विचारण्यापेक्षा न सापडलेली बरी," असं म्हणून अट्रॅक्टानं यंत्राची हवा वाढवली. मेमीचे ओठ हलत राहिले, पण ऐकू काही आलं नाही. त्या वर्षी नाताळच्या आधी मेमी वारली. तिचेही केस अट्रॅक्टानंच केले.

पुढे कधीतरी ती मृत्यू सोडून लग्नांच्या नोंदी बघायला लागली. म्हणजे तिचाही विश्वास डळमळला होता. ग्लासगोत चौतीस साली एका रोझ मल्व्हीनं एका खलाशाशी लग्न केल्याचं निघालं. वय जुळत होतं. हा आनंद की दुःख हेच तिला कळेना, आणि अशा वेळी माणसानं तोंड बंद ठेवावं, तर हिनं ते आईला सांगितलं. कॅसी तेव्हा खुब्याचं हाड मोडून नुकतीच वृद्धाश्रमात गेली होती. तिनं ऐकून घेतलं.

"खलाशी," ती म्हणाली. "सांगितलं होतं ना मी." आणि तोंड भिंतीकडे करून झोपली.

अट्रॅक्टा त्यानंतर किती रात्री तळमळली ते तिचं तिला माहीत. पुढे ती ग्लासगोची रोझ कुणी दुसरीच, डोनेगॉलची निघाली. पण एकदा सांगितलेलं परत कसं घ्यायचं? आणि वृद्धाश्रमाचा डॉक्टर म्हणत होता, एकोणनव्वद वर्षांचं हृदय आहे, थकलंय. हा उन्हाळा निघाला तर निघाला.

अशातच मार्चमध्ये बर्नी बोहन वारली. समोरच्या घरात आता दोघंच होती, बर्नी आणि तिचा धाकटा भाऊ फ्रान्सी, दोघंही बिनलग्नाची. शवपेट्यांचं दुकान असलेल्या नोएलचा फोन आला. "अट्रॅक्टा, बर्नीचे केस करायचेत. तुमचं काय आहे ते मला ठाऊक आहे, पण कॅरिकची पोरगी सुट्टीवर गेलीय. आणि संध्याकाळी लोक दर्शनाला येणार."

"माझं भांडण जिवंत माणसांशी आहे," ती म्हणाली. "मेलेल्यांशी नाही." तिनं कात्री-कंगव्यांची पेटी उचलली आणि रस्ता ओलांडला. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्या फाटकाची कडी तिच्या हाताला लागली.

दार फ्रान्सीनंच उघडलं. ऐंशीचा, उंच, वाकलेला, कोटाच्या आतलं जाकीट उलटसुलट बटणं लावलेलं. आयुष्यात एकमेकांना हाक मारलेली नव्हती, त्यामुळे काय म्हणायचं इथंच दोघांची पंचाईत.

"ये," तो शेवटी म्हणाला. "चहा घेशील?"

"आधी काम होऊ दे."

बर्नीला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. घड्याळ बंद केलेलं, आरशावर चादर, मरणाच्या घरी असते तशी. अट्रॅक्टानं क्लिपा काढल्या आणि केस मोकळे केले. पांढरे, दाट, कंबरेपर्यंत. चर्चमध्ये पुढच्या बाकावरचा हा अंबाडा ती पन्नास वर्षं मागून बघत आली होती, आणि कात्री हाती धरणाऱ्या कुठल्याही बाईला वाटावा तेवढा तिला हेवा वाटला होता. आता तो हातात होता आणि तिला रडू आलं. परक्या बाईसाठी रडू कसलं येतं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

फ्रान्सी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होता. "अंबाडाच घाल," तो म्हणाला. "आई घालायची तसा."

तिनं विंचरून विंचरून अंबाडा घातला. कपाळावरची एक बट सारखी केली. फ्रान्सी उठून जवळ आला, बहिणीकडे पाहून मान हलवली.

"छान झालं. फिटलं म्हणायचं आता."

"काय फिटलं?"

"केसांचं. तुझ्या आजीचे माझ्या आईनं केले होते. आज तू आमच्या बर्नीचे केलेस."

अट्रॅक्टाच्या हातातला कंगवा तिथंच राहिला. "कुठली आजी?"

"कुठली म्हणजे? रोझ. अशा कितीशा आज्या होत्या तुला?"

"रोझ... मेली?"

फ्रान्सीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही पेटी तेवढी आणून डोकं घरी विसरली असावी. "शहाऐंशी वर्षं झाली, बाई! अजून जिवंत असेल असं वाटलं की काय तुला?"

फ्रान्सीनं चहाऐवजी व्हिस्की आणली, आणि बर्नीच्या उशाशी बसून, जे त्याला शेजारणीला कधीतरी सांगावं लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, ते सांगितलं.

रोझला क्षय झाला होता. त्या काळी क्षयाचं नाव घरात घेत नसत. क्षय झालेल्या घराकडे लोक रस्ता बदलून जात. फ्रान्सीची आई तेवढी जायची. समोरच्याच घरात, मागच्या खोलीत रोझ पडून असायची. पोरीला लागण होऊ नये म्हणून जवळ येऊ द्यायची नाही. "पोर दारात आली की रोझ भिंतीकडे वळायची," फ्रान्सी म्हणाला. "खोकला तिकडे जाऊ नये म्हणून. आई सांगायची, ती वळायची आणि उशीत तोंड खुपसून रडायची. पोरीला काय कळणार? ती दारात उभी राहून हाका मारायची."

त्याच मागच्या खोलीत अट्रॅक्टाची आई पुढे साठ-पासष्ट वर्षं झोपली होती.

रोझ गेली तेव्हा फ्रान्सीची आई जवळ होती. तिनंच न्हाऊ घातलं, तिनंच विंचरलं. "तांबूस केस होते म्हणे. विंचरताना संपायचेच नाहीत." दुसऱ्या दिवशी शेजारी कुदळ-फावडी घेऊन कबरस्तानात गेले. आमच्याकडे कबर शेजाऱ्यांनीच खणायची असते, पैशानं नाही. फ्रान्सीचा बाप पुढे होता. तो मल्व्हींच्या जागेवर पहिलं ढेकूळ काढणार तेवढ्यात जिमी आला. म्हणाला, आमच्या आईबापांच्या हाडांशेजारी क्षयाची बाई निजवायची नाही. रोझचा नवरा, पीटर, तिथंच उभा होता. थोरल्या भावापुढे त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"मग आमच्या बापानं फावडं खांद्यावर टाकलं," फ्रान्सी म्हणाला, "आणि चालत आमच्या कोपऱ्यात गेला. म्हणाला, तुमच्यात जागा नसेल तर आमच्यात आहे. तिथं खणलं. रोझ आमच्यात आहे, अट्रॅक्टा. आमच्या आजीच्या उजव्या हाताला."

"दुसरी बरणी," अट्रॅक्टा म्हणाली.

"तिचीच. मग कुणाची?"

"आणि नोंद? सरकारात कुणीच का नाही कळवलं?"

"मरताना जवळ असलेल्या माणसानं कळवायचं असतं. म्हणजे माझ्या आईनं. पण कबरीवरच जिमी म्हणाला, यापुढे आमच्या घरात नाक खुपसू नका. बाप म्हणाला, बरं, तुमचं मरण तुम्हीच कळवा."

"आणि आमच्यांना वाटलं असेल तुम्ही कळवलं."

"वाटलं असेल. विचारणार कोण? बोलणं बंद."

ती ग्लासकडे बघत बसली. पीटरनं ती गोष्ट मनात घेऊन देश सोडला, बहिणीकडे पोर टाकली, आणि ती बहीण आयुष्यभर लाल होत राहिली ती वहिनी पळाली म्हणून नव्हे, तर तिला घरच्या मातीत जागा दिली नाही म्हणून. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. इथं तर वळसा ग्लासगो आणि फिलाडेल्फियापर्यंत गेला होता.

"तुम्ही कधी सांगितलं का नाही?" तिनं विचारलं. आवाज चढला होता. "एक शब्द! रस्ता ओलांडून एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हांला माहीत नाही हे मला कसं कळणार?" फ्रान्सीही चढला. "गावातल्या सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक होतं! तुझी आई दरवर्षी त्या रविवारी यायची आणि आमच्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. माझी आई म्हणायची, बघा, त्या घराला क्षयाची लाज अजून आहे. पोटची पोर आईच्या कबरीकडे बघत नाही. दगड म्हणायची ती तुझ्या आईला. मरेपर्यंत म्हणायची."

मग दोघांनाही आठवलं की समोर बर्नी निजली आहे. बाहेर पहिल्या गाड्या येऊन थांबत होत्या.

सांगावं की नाही, याचा अट्रॅक्टानं आठवडाभर विचार केला. कागद तर नव्हताच, आणि आता कधी मिळणारही नव्हता. पण ज्यासाठी आठ वर्षं घालवली ते हातात आलं होतं. ती वृद्धाश्रमात गेली. कॅसी खिडकीशी बसून शेजारणीच्या मुलांना नावं ठेवत होती. अट्रॅक्टानं खुर्ची ओढली, आईचे हात हातात घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. क्षय, भिंत, उशी, केस, फावडं. तिनं मनाशी योजलं होतं की आई रडेल, आणि रडून हलकी होईल.

कॅसी रडली नाही. तिनं आपले हात सोडवून घेतले आणि मांडीवर एकावर एक ठेवले.

"कुठल्या कोपऱ्यात म्हणालीस?"

"ॲशच्या झाडाखाली, आई. बोहनांच्यात."

"दोन बरण्या."

"हो."

"मी हसले होते."

"आपण दोघी हसलो होतो."

"मी तिला काय काय म्हणाले माहितीये तुला?" कॅसी म्हणाली. "मनातल्या मनात. रोज. सत्तर वर्षं. तुझ्या बाळंतपणात कळा येत होत्या तेव्हासुद्धा शिव्या घातल्या मी तिला. कशाला सांगितलंस गं हे? राग होता तोवर बरं होतं. रागावर माणूस जगतो. आता मी काय करू?"

अट्रॅक्टानं खुर्ची जागेवर ठेवली आणि ती निघाली. आईचं दुःख उतरवायला गेली, आणि जुनं उतरवून त्याहून जड ठेवून आली, असं तिला गाडी चालवताना वाटलं. ती रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडली. मेमी फ्लिनचे हलणारे ओठ तिला आठवले. त्या वेळी हवा कमी केली असती तर? आई तेव्हा अजून स्वतःच्या पायांवर उभी होती, चालत त्या कोपऱ्यापर्यंत गेली असती.

कॅसीनं पुढे त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. जेवण कमी झालं. नावं ठेवणं थांबलं, आणि त्याची नर्सना जास्त काळजी वाटली. जूनमध्ये दोनदा फादरना बोलावून मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावलं, दोन्ही वेळा ती परत फिरली. दुसऱ्यांदा शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "रविवार कधी आहे कबरींचा?"

डॉक्टर नको म्हणाला. अट्रॅक्टानं त्याला विचारलं, "कशासाठी जपायचं आता तिला?"

त्या रविवारी ऊन होतं. आमच्याकडे त्या दिवशी सहसा पाऊस असतो, म्हणून लोक छत्र्या घेऊनच आले होते. अट्रॅक्टानं चाकांची खुर्ची फाटकातून आत घेतली, मधल्या वाटेनं आणली, आणि मल्व्हींच्या कबरीपाशी न थांबता तशीच पुढे ढकलत नेली. जपमाळ अजून सुरू व्हायची होती, तरी सगळं कबरस्तान गप्प झालं. एवढ्या वर्षांत बोहनांच्या कोपऱ्याकडे जाताना मल्व्हींच्या घरचं माणूस कुणी पाहिलं नव्हतं.

फ्रान्सी थांबलेला होता. त्यानं गवत काढून खुर्चीपुरती जागा सपाट केली होती. बर्नीच्या ताज्या मातीवर एक बरणी, आणि उजव्या हाताला, नदीतला एक गोल बिननावाचा दगड होता त्यापाशी दुसरी. त्यानं टोपी काढली. "ये कॅसी," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

कॅसीनं मान हलवली. ती त्या दगडाकडे बघत होती. फादरनी सुरुवात केली, सगळ्यांचे आवाज त्यांच्यामागे गेले. कॅसीचे ओठ मात्र हलत नव्हते. अट्रॅक्टा वाकून बघत होती की आई काही बोलते का. तिला वाटत होतं, एवढ्यासाठी आलोय तर एकदा आई म्हणून हाक तरी मारेल. जपमाळेतली दहा मण्यांची तिसरी फेरी संपली, चौथी सुरू झाली.

"मला फिरव," कॅसी म्हणाली.

"दमलीस का? जायचं?"

"जायचं नाही. खुर्ची फिरव. आपली जागा बघायचीय मला इथून."

अट्रॅक्टानं चाकं मातीतून सोडवून खुर्ची हळूहळू वळवली. मध्ये तीनच रांगा होत्या. मल्व्हींच्या कबरीपाशी त्या दिवशी कुणी नव्हतं; सोनेरी अक्षरांचा काळा दगड, त्यावर जिमीचं नाव सगळ्यांत वर, आणि समोर मोकळं गवत.

"मी तिथं उभी राहायचे," कॅसी म्हणाली. "दगडाच्या डाव्या अंगाला."

"हो."

"तोंड फाटकाकडे."

"हो, आई."

कॅसी त्या मोकळ्या गवताकडे बघत राहिली. फादर पाणी शिंपडत वाटेनं वर येत होते, फ्रान्सी हातातली टोपी चुरगळत उभा होता. मग तिनं मागे हात नेला, चाचपडत, तो नदीतल्या दगडाला लागेना, तेव्हा अट्रॅक्टानं खुर्ची थोडी मागे घेतली आणि तो लागला.

"म्हणजे इथून तिला माझी पाठच दिसली गं," ती म्हणाली. "दरवर्षी मी यायचे, आणि तिला माझी पाठच दिसली."